आधी माणूस, मग मीटर

माझ्या नवऱ्याचं, हेमराजचं, खरं लग्न मीटरशी लागलं होतं. बत्तीस वर्षं हे प्लांटमध्ये गॅसगळती दाखवणाऱ्या मीटरांसमोर बसले. रिटायर होऊन त्याच हिंदी मुलखात, स्मृति नगरला, राहायला आलो, तर मीटर नाही म्हणून ह्यांना चैन पडेना. मग डायबेटीस निघाला आणि डॉक्टरांनी घरी साखर तपासायचं यंत्र घ्यायला सांगितलं. मला तर वाटतं, ह्यांना मनातून आनंदच झाला.

यंदा दसऱ्यानंतर मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहून ह्यांनी भात, पोळी, बटाटा, सगळं बंद केलं. भंडाऱ्याकडच्या धानवाल्या घरचा माणूस अंडी, पनीर आणि पालेभाजीवर राहू लागला! गोळ्या चालूच होत्या. त्यातली एक लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी. डॉक्टरांना विचारा म्हटलं तर म्हणाले, "रीडिंग मस्त येऊन राहिली. कायले विचारायचं?"

मीही डॉक्टरांना विचारलं नाही. तिथं माझंही चुकलं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी उलट्या सुरू झाल्या. पोट दुखत होतं, बसल्या जागी धाप लागत होती. मी दवाखान्यात चला म्हटलं. ह्यांनी मात्र बोट टोचून यंत्र माझ्यापुढे धरलं.

"पाह्य, एकशे बावन्न! कावून घाबरून राहिली तू, तारा? पित्त झालं असंन."

आकडा खरा होता. पण समोरचा माणूस मला बरा दिसत नव्हता.

"अवो, गॅसवर नवीन पोरं आली का तुमी त्यायले काय शिकवत होते?" मी विचारलं. "मीटर ठीक हाय, पण माणूस डगमगला, तं?"

घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ह्यांनी ते ऐकवलं होतं.

"आधी माणूस बाहेर," ते म्हणाले.

"मंग उठा."

दवाखान्यात मी ह्यांच्या नव्या जेवणाचं सांगताच डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चावल-रोटी कब से बंद है?" मी गोळ्यांची पाकिटं त्यांच्या हातात दिली. त्यांनी रक्त तपासलं आणि समजावलं: पोटात भात-पोळी नाही, वर ही गोळी, मग शरीर चरबीच जाळत सुटतं आणि रक्तात आम्ल साचतं. साखर मात्र बरी दिसते. "इसीलिए लोग देर से आते हैं," त्या म्हणाल्या. मी बाहेर बाकावर बसून पोटभर रडले.

ह्यांना लगेच भरती करून घेतलं; पाचव्या दिवशी घरी आलो. ती गोळी डॉक्टरीणबाईंनी बदलली, आणि जेवणात वाटीभर भात ठरवून दिला. मी भात वाढला. ह्यांनी सवयीनं यंत्र काढलं, बोट टोचलं, आकडा पाहिला. मला वाटलं, आता मोठ्यानं वाचून दाखवतील.

यंत्र पालथं ठेवून ते माझ्याकडे वळले.

"तारा, तुले कसा दिसून राहिलो मी?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं.