नीनचं ‘तुम्ही’

“लूर्सबाई, तुमच्या डोक्यात नेमक्या किती जणी राहतात हो?”

विचारलं एकदाचं! तेही भर जिन्यात. खाली दाराआड माझ्या मैत्रिणी स्वांत्या आणि येलेना तोंडात मफलर कोंबून उभ्या होत्या. विचारून दाखव, नाहीतर वर्षभर तुला भित्री म्हणू, ही त्यांचीच पैज. आमच्या खालच्या मजल्यावरच्या लूर्सबाई राहतात एकट्या, पण गेला आठवडाभर त्यांच्या न्हाणीघरातून तीन बायका भांडताना ऐकू येत होत्या.

बाईंनी बटाट्यांची पिशवी खाली ठेवली. “सध्या तिघी आहेत. पण भांडी घासायला एकही पुढे येत नाही.”

लूर्सबाई परदेशी चित्रपट जर्मनमध्ये डब करतात. अख्ख्या हॅम्बुर्गनं त्यांचा आवाज ऐकलाय, ओळखत मात्र कुणीच नाही. ‘डॉक्टर, लवकर या!’, लग्नातला हशा, आगीतली किंकाळी… सगळा जन्म असा गर्दीत गेला. आता पहिल्यांदाच नायिका. फ्रेंच चित्रपटातली ओदिल. तिच्या एकाच शरीरात तिघी राहतात: कारकुनी करणारी स्वतः ओदिल, शिवराळ मार्गो आणि नऊ वर्षांची नीन.

“तिघी माझ्याच,” बाई म्हणाल्या आणि त्यांचे कान लाल झाले. “येतेस बघायला?”

म्हणजे काय, जाणारच!

स्टुडिओत अंधार, समोर पडदा, माईकपुढे लूर्सबाई. त्यांच्या मार्गोनं अशी शिवी हासडली की मी खुर्चीत उडाले. ओदिल तर इतकी साधी की बाई बोलतायत हेच मी विसरले. मग नीन आली. तिला आरशात पहिल्यांदाच ओदिल दिसते, तो प्रसंग.

“तुम्ही कोण आहात?” बाई बारीक आवाजात म्हणाल्या.

“थांब, थांब!” काचेपलीकडून दिग्दर्शक हाउके बाईंना म्हणाला. “गेझिना, ‘तू कोण आहेस’ लिहिलंय. स्वतःलाच कुणी अहोजाहो करतं का?”

“चुकलंच. पण लहान पोर अनोळखी बाईला ‘तू’ कसं म्हणेल रे?”

“अनोळखी कसली? अगं, ती तीच आहे!”

“ते नीनला कुठे ठाऊक आहे?”

मी फिस्सकन हसले. बाईंनी पुन्हा घेतलं, या वेळी ‘तू’. आवाज मध्येच चिरकला. पुन्हा घेतलं, खोकला आला. पुन्हा, पुन्हा. शेवटी हाउके बाहेर आला आणि हळूच म्हणाला, “नीन म्हातारी वाटतेय गं, गेझिना.” मग माझ्याकडे वळला. “ए पोरी, तू म्हणून बघतेस? एकच ओळ.”

मी म्हटली. हाउकेनं टाळीच वाजवली! मला आकाश ठेंगणं झालं.

मग मी लूर्सबाईंकडे पाहिलं. संहितेतली नीनची पानं त्या एकेक करून वेगळी काढत होत्या. कोपरे जुळवून त्यांनी ती माझ्या हातात दिली.

“चला, एक गेली राहायला दुसरीकडे,” त्या म्हणाल्या. “आता दोघीच उरल्या.”

परतताना बोटीवर त्यांनी दालचिनीचा पाव मोडून अर्धा मला दिला.

“लूर्सबाई, तुम्हाला राग…”

“स्टुडिओत कुणी कुणाला अहो म्हणत नाही. मी गेझिना.” त्यांनी हात पुढे केला.

आमच्याकडे ‘तू’ मोठ्यांनी द्यायचं असतं, लहानांनी मागायचं नसतं. मी हात मिळवला. पण लहानपणापासून जिन्यात जिला वाट करून दिली, तिला ‘तू’ म्हणताना जीभच वळेना.

“गेझिना… तुला राग आला?”

“नीनला सांभाळ,” ती म्हणाली. “मोठ्या माणसांना फार बिचकते ती.” मग एल्ब नदीच्या पाण्याकडे बघत बसली. तिच्या हातातला पाव तसाच राहिला.

संध्याकाळी जेवणावर मी सगळं सांगितलं. बाबांनी चीजचा तुकडा हातात तसाच धरून ठेवला.

“आमची टोमके सिनेमात! अगं, ऐकलंस का?”

“सोमवारी गणिताची परीक्षा आहे,” आई म्हणाली. “आणि ही गेझिना कोण?”

“आपल्या लूर्सबाई.” मी सुरी खाली ठेवली. “आईबाबा, ऐका. नीनचा आवाज मी देणार आहे. पण हाउकेला आधीच सांगणार, नीन ओदिलला ‘तुम्ही’ म्हणेल. गेझिनाच्या तोंडून आलं होतं, अगदी तसंच. नसेल चालत, तर त्यानं दुसरी पोर शोधावी.”