गुलबक्षीच्या बिया

"काय खाल्लं हिनं? नीट आठवून सांगा," आरोग्य केंद्रातल्या नर्सने विचारले.

चार वर्षांची आना आजीच्या मांडीवर मान टाकून पडली होती. दुपारपासून सहा उलट्या झाल्या होत्या. आजीला, विलिसीला, काही सुचत नव्हते. उत्तर दिले ते शेजारच्या जसोद्राने.

"गुलबक्षीच्या बिया. माझ्याच बागेतल्या. उलटीत काळी टरफलं होती, मी बघितली."

"विषारी असतात त्या. माहीत नव्हतं?"

"माझा डोळा लागला हो," विलिसी रडत म्हणाली. "लेकरूच ते, हाताला लागलं ते तोंडात घातलं. माझंच चुकलं."

इथे जसोद्राने बोलायला हवे होते. तिने विलिसीच्या पाठीवर हात ठेवला आणि ती गप्प राहिली.

फिजी बेटावरच्या तावुआ गावाबाहेर, उसाच्या मळ्यांच्या कडेला जसोद्राचे घर होते. वय एकसष्ट. शाळेचे गणवेश शिवून ती पोट भरी. नवरा जाऊन नऊ वर्षे झाली होती, दोन्ही मुलगे ऑकलंडला. उरली होती ती बाग, आणि बागेत कुंपणभर गुलबक्षी. एकाच झाडावर पिवळी, गुलाबी आणि शिंतोडे उडवल्यासारखी फुले यावीत म्हणून तिने सात वर्षे बिया निवडून निवडून पेरल्या होत्या. उन्हे कलली, फुले उमलू लागली की ती मशीनवरून उठे. कुंपणाच्या फटीतून विलिसी आपली अर्धी विणलेली चटई घेऊन येई, मागे आना; आनाची आई लितिया नांदी शहरात हॉटेलात कामाला होती.

तीन आठवड्यांपूर्वी अशाच एका संध्याकाळी जसोद्राने एक काळी बी नखाने फोडली, आतली पांढरी भुकटी बोटावर घेतली आणि आनाच्या गालांना लावली. "बघा, नवरी झाली आमची!" तिच्या लहानपणी सगळ्या मुली हेच करत. आना खुदकन हसली होती. तेव्हापासून पोरगी रोज मूठभर बिया वेचायची. 'तोंडात घालू नको गं' असे आपण तिला सांगितले होते का? जसोद्राने पुष्कळ आठवून पाहिले. आठवत नव्हते. विलिसी त्या वेळी घरी चूल पेटवायला गेली होती, एवढे मात्र पक्के आठवत होते.

तिसऱ्या दिवशी आना बरी होऊन घरी आली. त्याच सकाळी जसोद्राने फावडे उचलले. जुन्या झाडांची मुळे रताळ्यासारखी पोसलेली, हातभर खोल गेलेली. तळहाताला फोड आले तरी ती खणत होती.

विलिसी धावत आली. "वेडी झालीस का? झाडांनी काय केलंय? झोपले मी, आणि तू झाडांवर राग काढतेस!"

"नकोच ती."

विलिसी मातीच्या ढिगावर बसली. "लितियाचा फोन आला होता. शनिवारी येतेय. आनाला नांदीला घेऊन जाते म्हणाली. हॉटेलात कामाला जाताना कुणाकडेही ठेवीन, पण तुझ्याकडे नाही, म्हणाली. पोटची पोरगी असं बोलली गं मला."

जसोद्राच्या हातातले फावडे थांबले. ओठांवर आलेले शब्द तिने पुन्हा गिळले. दुसऱ्या दिवशी तिने एका सदऱ्याला बाह्या उलट्या लावल्या, उसवल्या, आणि पुन्हा उलट्याच लावल्या.

शनिवारी सकाळी ती बाजारात गेली आणि मानपानाला पुढे ठेवतात त्या यंगोनाच्या मुळांची जुडी मागितली.

"काय काकी, कुणाचं लग्न?" विकणारा हसून म्हणाला.

"लग्न नाही. माफी मागायचीय."

त्याचे हसू मावळले. हातातली जुडी खाली ठेवून त्याने मागची, जाड मुळांची काढून दिली.

विलिसीच्या दारात आनाची पिशवी भरून ठेवलेली होती, शेजारी लितिया उभी होती. आना कोपऱ्यात झोपली होती. जसोद्रा चटईवर गेली नाही, उंबऱ्यापाशी बसली आणि जुडी पुढे ठेवली. ती पाहताच विलिसीचा थोरला भाऊ तानिएला मांडी सावरून ताठ बसला.

"हे काय, जसोद्रा?"

"तानिएलादादा, चूक माझी आहे. पोरीला त्या बिया फोडायला मीच शिकवलं. गालाला लावायला. विलिसीला ठाऊकसुद्धा नव्हतं. तिला बोल लावू नका."

लितिया पिशवीजवळच उभी राहिली. विलिसीने मान वर केली.

"दवाखान्यात तू माझ्या शेजारी बसली होतीस."

"हो."

"मी रडत होते."

"हो."

"आणि परवा. खड्ड्यापाशी."

"तेव्हाही," जसोद्रा म्हणाली. "भीती वाटली मला."

मग तानिएला पुढे झुकला, जुडीला हात लावला आणि ओंजळीच्या तीन खोल टाळ्या वाजवल्या. "आम्ही घेतलं. आमच्या घरापुरतं हे इथं संपलं."

लितिया बराच वेळ झोपलेल्या मुलीकडे पाहत होती. मग तिने पिशवीतून आनाचे झगे काढले आणि एकेक करून खुंटीवर अडकवले.

"आई, राहू दे तिला तुझ्याकडे," ती म्हणाली. "पण कुंपणापलीकडे जाणार नाही ती."

"बरोबर आहे," जसोद्रा म्हणाली.

"वर ये," तानिएलाने चटईवर जागा केली. "चटईवर बस."

ती वर येऊन बसली. विलिसी आत गेली. भांड्यांचा आवाज झाला, लिंबाच्या पानांचा वास आला. चहाचा पेला विलिसीने तिच्या हातात दिला नाही, समोर ठेवला आणि पाठ वळवून ती आनाला वारा घालू लागली.

चहात साखर नव्हती. विसरली होती, की घातली नव्हती, ते विचारता येण्यासारखे नव्हते. जसोद्राने फोड आलेल्या दोन्ही हातांनी पेला उचलला आणि सावकाश, तळापर्यंत रिकामा केला.