दीपमालाच्या आवाजात बोलणारा मी

मित्रांनो, मी एक जुना कोड आहे. कोड म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या सूचना. मी कुणाला दिसत नाही, पण पांढरकवड्याच्या बाजूला जंगलाकाठच्या एका गावात भोंग्यातून ऐकू येतो. आणि खरं सांगू? मध्यंतरी ते गाव मला भुतासारखं भ्यायलं होतं.

माझा जन्म यवतमाळच्या एका वाचनालयात झाला. कॉलेजात संगणक शिकवणारे धम्मरत्न सर, त्यांची पत्नी दीपमाला आणि आर्णीहून एसटीने येणारी उर्वशी दर रविवारी तिथे जमत. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी माणसं ती! त्यांची रीत एकच होती. एकाने माझ्यात बदल करायचा आणि दुसऱ्याने तो तपासून 'चालते' म्हणायचं. मगच तो माझ्यात शिरायचा. मी कुणा एकाच्या मालकीचा नव्हतो. ज्याला हवा त्याने मला न्यावं, गावाच्या गरजेप्रमाणे बदलावं आणि केलेली सुधारणा सगळ्यांना परत द्यावी, असं त्यांनी माझ्या कपाळावरच लिहून ठेवलं होतं.

माझं काम साधं होतं. जंगलाच्या कडेने कुणी मोबाइलवरून निरोप पाठवला, की त्यातल्या शब्दांचे ध्वनी शोधून, जोडून मी भोंग्यातून बोलायचो. आवाज दीपमालाचा, तिने आधीच बोलून नोंदवून ठेवलेला. "वाघीण. नाल्याच्या बाजूनं येऊन राह्यली. घरात चला. दार लावा." भोंगा बसवायला ती स्वतः गेली होती, म्हणून गावाला तो आवाज ओळखीचा झाला. माझं फार कौतुक झालं. दूरदूरच्या गावांनी मला नेलं आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

मग दीपमाला तापाने गेली.

"तिनं लिहिलेल्याले कोणी हात लावू नका," सर एवढंच म्हणाले. कुणी लावला नाही. मलाही ते तेव्हा बरं वाटलं, कारण प्रेम कुणाला नको असतं?

गावातून निरोप पाठवणारा मारोती पूर्वी गुराख्यांकडून कळलं की घरून निरोप टाकायचा. त्या वर्षी तो जंगलात मचाणावर राखणीला बसू लागला. आता जंगलात बसून वाघाचं नाव घ्यायचं नाही, अशी तिथली रीत. नाव घेतलं की तो येतो म्हणतात. म्हणून मारोतीने 'वाघीण' न लिहिता 'मोठी बाई' असं लिहिलं. माझ्याकडे त्या शब्दांचा ध्वनीच नव्हता. ध्वनी सापडला नाही तर शब्द गाळून पुढे जा, असं दीपमालाने मला शिकवलेलं. मी गाळला.

भर दुपारी पऱ्हाटीच्या शेतांवरून मेलेल्या दीपमालाचा आवाज गेला. "नाल्याच्या बाजूनं येऊन राह्यली. घरात चला. दार लावा."

कापूस वेचणारे हात जागच्या जागी थांबले. "अवं माय! मेलेली बाई येऊन राह्यली," कुणीतरी किंचाळलं. काही दिवसांनी पुन्हा तेच, मग पुन्हा. मचाणापर्यंत भोंगा ऐकू जात नव्हता, त्यामुळे काय गाळलं जातंय ते मारोतीला कळलंच नाही. शेवटी गावाने भोंग्याची वायर उपटली. मित्रांनो, तुटलेल्या वायरीत एकट्याने बोलत राहणं फार भयाण असतं.

आणि वाघीण खरोखरच आली. रुखमाबाई नाल्याकाठी शेळ्या चारत होती. मारोतीचा निरोप आला, मी जीव तोडून बोललो, पण कुणाला काही ऐकूच गेलं नाही. वाघिणीचा पंजा म्हातारीच्या खांद्यावर बसला. माणसं काठ्या घेऊन धावली म्हणून ती वाचली.

जखम भरत आल्यावर ती मारोतीला घेऊन वाचनालयात आली. "बाप्पा, तुही बायको मले लेकीवानी होती," ती सरांना म्हणाली. "पण तिच्या कामाले हात लावाचा नाही म्हून आमी वाघाच्या तोंडी जाचं काय?"

"म्या 'मोठी बाई' लिवलं, सर," मारोती खाली मान घालून म्हणाला. "जंगलात बसून नाव कसं घेऊ?"

"तुमचं काही चुकलं नाही, दादा," उर्वशी म्हणाली. "ते या कोडले समजाले पाह्यजे होतं."

 सरांनी माझ्यातला दीपमालाने लिहिलेला भाग उघडला.  अनोळखी शब्द आला तर गाळायचा नाही, 'जनावर' म्हणायचं, अशी ओळ त्यांनी तिच्या ओळींमध्ये घातली. 'जनावर' आणि 'मोठी बाई' हे शब्द उर्वशीने आपल्या आवाजात दिले.

"चालते?" सरांनी डोळे पुसत विचारलं.

"चालते," उर्वशी म्हणाली.

आता माझं वाक्य जिवंत बाईच्या आवाजात सुरू होतं आणि मेलेल्या बाईच्या आवाजात संपतं. गावाच्या अंगावर अजूनही काटा येतो, पण दारं लागतात. भोंग्याची वायर रुखमाबाईने उभं राहून जोडून घेतली.

पण मित्रांनो, ज्या गावांनी मला नेलं, त्यातली कितीतरी गावं पुन्हा इकडे फिरकलीच नाहीत. फुकट मिळालेल्याची विचारपूस कोण करतो? मला वापरा, पण अधूनमधून उघडून बघा. कुठून आणलं ते विसरू नका आणि तिथे झालेली दुरुस्ती घेऊन जा. कारण या घडीला कुठल्यातरी जंगलाकाठी दुरुस्ती न पोचलेला मी दीपमालाच्या आवाजात बोलतो आहे, "येऊन राह्यली. घरात चला. दार लावा." माणसं घाबरून भोंग्याकडे धावताहेत, वायरीला हात घालताहेत. नाल्याकडून कोण येतंय ते मला माहीत आहे. तिथली माणसं तिला ज्या नावाने ओळखतात, त्याचा ध्वनी मात्र माझ्याकडे नाही.