आजोबांची आखूड नदी

घड्याळं दुरुस्त करण्यात उभी हयात घालवलेल्या आजोबांनी नातीपायी भिंतीवरचं घड्याळ उतरवून कपाटात ठेवलं होतं. काटा दिसला की भिंगरी रडायला लागायची. सात वर्षांची पोर. सहा महिन्यांपूर्वी उकळतं पाणी उजव्या हातावर सांडलं. जखम भरली, पण कोपराच्या खळगीत व्रण राहिला, जाड, लालबुंद, दोरीसारखा ओढून धरणारा. दिवसरात्र घट्ट बाही घालायची. ती उतरवली की मलम लावून, अंगठ्याने दाबत, हात हळूहळू सरळ करायचा. रोज तीनदा, दहा-दहा मिनिटं.

म्हणून आजोबा घड्याळाऐवजी बरोबर दहा मिनिटं पुरणारी नावेची गोष्ट गायचे. त्यांनी सूर धरला की खोलीचं पाणी व्हायचं. पलंग डुलायचा, पडद्याचं शीड फुगायचं. अंगठ्याखाली लाली पांढरी पडायची नि पुन्हा पसरायची, ढगाआड जाऊन आलेल्या संध्याकाळसारखी. देवाचा धावा करत नावाडी पैलतीराला लागला की मालिश संपली.

पण भिंगरीने ओठ आवळले की म्हाताऱ्याला बघवायचं नाही. मग गोष्टीतला कधी पाण्याचा भोवरा गाळायचा, कधी बेट.

महिनाअखेर दवाखान्यातल्या व्यायामाच्या ताईंनी कोपराचा कोन मोजला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आजोबा, हात मागच्यापेक्षा कमी उघडतोय. महिनाभरात सुधारला नाही, तर ऑपरेशन. मालिश पूर्ण करता ना?"

"गोष्ट संपेपर्यंत करतो की," आजोबा म्हणाले.

"ताई, यांची नाव हल्ली बसल्याबरोबर काठाला लागते!" भिंगरीने चोंबडेपणा केला.

ताई हसल्या. आजोबांना हसू येईना. त्यांनी मायाच केली होती, आणि त्या मायेनेच हात आखडला होता.

घरी आल्यावर ते कपाटातून घड्याळ काढायला उठले.

"घड्याळ नको. भोवरा घाला," भिंगरी म्हणाली.

"दुखेल गं."

"दुखू दे. मी वल्हं धरते." तिने डाव्या हाताने पलंगाची कड घट्ट धरली.

खोलीचं पाणी झालं. भोवरा आला, गेला. बेटावरचे पक्षी उडाले. आजोबांचा सूर कापायला लागला.

"लागली का गं नाव?"

मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "कुठे? अजून पाणीच पाणी आहे. गा तुम्ही."

पुढच्या महिन्यात ताईंनी कोन दोनदा मोजला. "ऑपरेशन तूर्त राहू दे. मालिश मात्र अजून वर्षभर."

भिंगरीने आजोबांकडे आठ्या घालून पाहिलं. "वर्षभर पुरेल एवढी नदी आहे का तुमच्याकडे?"

"नदीचं देव बघेल," मलमाची नळी खिशात ठेवत आजोबा म्हणाले. "तू वल्हं सोडू नकोस."