खंडेनवमीची सुरी

हेमराजने मोरीपाशी पाट ओढला, धारेचा दगड पाण्यात बुडवला आणि सुरी डोळ्यांसमोर धरली.

"आई, काय करून ठेवलंस हे?"

मंदाबाई पदराला हात पुसत उंबऱ्यात आली. पात्यावर तांबूस चट्टे उठले होते.

"नवमीले पूजा करी मी. हयद-कुकू लावं."

हेमराज नोकरीला जपानात; मागल्या वर्षी त्यानेच ती तिकडून आणली होती. तिकडच्या लोहाराने हाताने ठोकून घडवलेली. पोलाद असं, की धारही जबर आणि गंजही लगेच. वापरून झाली की पुसून कोरडी करायची, एवढं त्याने बजावलंही होतं. पण लेकाने परदेशातून आणलेल्या वस्तूने कांदे चिरायचे, हे मंदाबाईला पटेना. खंडेनवमीला लोक विळा-कोयता पुजतात, तिने सुरी पुजली. ओलं हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल. पुजलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचं नाही, म्हणून तशीच राहू दिली. पोलादाला कसला आलाय भक्तिभाव!

हेमराज घासू लागला. सुट्टी संपली होती, संध्याकाळी त्याला निघायचं होतं. हेमराजचे वडील, नाना, गेल्यापासून देवपूरच्या या घरात मंदाबाई एकटीच होती. उन्हाळ्यात शेजारच्या सारिकाला बरोबर घेऊन तिने पासपोर्ट काढला, तेव्हा तो फोनवर "छान" म्हणाला होता. पुढे विषय निघाला नव्हता. आता निघेल, मग निघेल, म्हणत ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली होती.

तो पातं पुसायचा, उजेडात धरायचा, अंगठ्याने हलकेच चाचपायचा. इतक्या मायेने त्याने तिच्या सुजलेल्या गुडघ्याची चौकशीही केली नव्हती. मंदाबाईला त्या लोखंडाचा हेवा वाटला, आणि हेवा वाटला याची लाजही वाटली.

"भाऊ, मी बी येस ना तुनासंगे." लेकाला ती भाऊच म्हणायची.

दगडावरचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"तिकडे काय करशील, आई? मी आणि तुझी सून, दोघं दिवसभर कामावर. घरात एकटी बसून राहशील."

"आठे बी एकलीच शे ना."

"इथं आपली माणसं आहेत. सारिकाताई आहे."

त्याने पात्याला तेलाचा हात फिरवला.

"ही मी परत नेतो. हिला रोज कुणाचा तरी हात लागावा लागतो. नुसती ठेवून दिली की खराब होते. एखादं जुनं मऊ फडकं दे ना."

तिने आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणून दिला. त्याने सुरी नीट गुंडाळली आणि मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवली.

रिक्षा कोपऱ्यावरून वळली तरी मंदाबाई फाटकातच उभी होती. पलीकडे सारिका दोरीवरचे कपडे काढत होती.

"काकू, तुमचं जायचं कधी ठरलं मग?"

"भाऊ तं भलता मांगे लागेल व्हता," मंदाबाई म्हणाली. "मनाच पाय निंघत नही."

मोरीपाशी बोललेलं भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं.

"खरंय काकू, घर सोडवत नाही," सारिका म्हणाली, आणि हातातला वाळलेला टॉवेल तिने पुन्हा दोरीवर टाकला.