गॅसवर टांगलेलं बियाणं

आईनं बियाण्याचं गाठोडं नव्या स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीवर टांगलं होतं. जुन्या घरात ते चुलीवर असायचं, म्हणून इथंही तसंच.

त्या गाठोड्यात आमचं सगळं शेत होतं. राळा, तीळ, घेवडा, काकडी, भोपळा, सगळं एकत्र. डोंगरउताराचा एक तुकडा तोडायचा, जाळायचा, राखेत हे मुठीनं फेकायचं. दोन-तीन पिकं निघाली की तो सोडून पुढच्या तुकड्यावर जायचं. मागं रान परत उभं राहायचं, कंद-पाल्यासकट. मग जंगलखात्याचे साहेब लोक आले. म्हणाले, तुम्ही जंगल जाळता. आणि त्यांनीच अख्खा डोंगर साफ करून एकाच जातीची झाडं रांगेत लावली. खाली गवत धरत नाही. त्याला ते जंगल म्हणतात. लाज नाही.

माझा दादा त्याच झाडांचा राखणदार. रांगेत दुसरं काही उगवलं की उपटायचं, हे त्याचं काम. एका कोपऱ्यातली रोपं मेली, तेव्हा मुकादमाच्या हातापाया पडून त्यानं तेवढा तुकडा एका हंगामापुरता आईसाठी मागून घेतला.

"एवढंच हं आई. पुन्हा मागं लागू नकोस."

"मी कशाला लागतेय? यंदा पेरलं नाही तर बियाणं मरेल, एवढंच म्हणतेय."

तिनं गाठोडं सोडलं. मांडीवर दाण्यांऐवजी पीठ सांडलं. त्यात किडे वळवळत होते.

"चुलीचा धूर लागायचा," आई हळूच म्हणाली. "धुरानं किडा येत नाही. मी आपलं वर टांगलं. खाली धूर कुठाय, ते बघितलंच नाही."

"गॅसला धूर नसतो हो आई," वहिनी म्हणाली. "म्हणून तर घेतला."

एरवी आम्ही हसलो असतो.

मी बियाणं मागत घरोघर फिरले. पेरणं सगळ्यांनीच सोडलेलं. काकूनं तर तिचं बियाणं कोंबड्यांना घातलं होतं.

"दुकानात पाकीट मिळतं की," ती म्हणाली.

"पाकिटात एकच असतं, काकू."

"मग तुला काय वरात हवी?"

आईनं तुकडा जाळला. एखादा दाणा शाबूत असेल म्हणून ते पीठच राखेत फेकलं. पूर्वी राखेतून न पेरलेल्या भाज्याही वर यायच्या, जमिनीत दबा धरून बसलेल्या. यंदा आली ती साहेबांच्या झाडांचीच पिल्लं. आणि घेवड्याचा एक वेल. राळा गेला, तीळ गेला, काकडी, भोपळा गेला. एक वेल वाचला म्हणून मी कुणाचे आभार मानणार नाही.

हंगामाची मुदत संपली तरी दादानं तो उपटला नाही. मुकादम यायच्या दिवशी वेलावर टोपलं पालथं घालायचा.

शेंगा वाळल्या. आईनं एकही खाऊ दिली नाही. अंगणात तीन दगड मांडले, ओली लाकडं पेटवली आणि शेंगांची जुडी वर टांगली.

"माझे धुतलेले कपडे धुरकटतायत," वहिनी दारातून म्हणाली.

आईनं मान वर केली नाही. फुंकर घालत राहिली.

वहिनीनं दोरीवरचे कपडे काढले, दोरी सोडली आणि घरामागं नेऊन बांधली.