तिसरं बोट

मित्रांनो, घाबरू नका, जवळ या. बंदूक असले तरी आता माझा चाप ओढून काही होत नाही. वायोमिंगमधल्या एका गॅरेजच्या भिंतीवर मी दोन खुंट्यांवर आडवी पडून असते. माझ्याखाली काडतुसं भरायचं मेज आहे. वापरलेल्या पितळी पुंगळ्यांत ठिणगी पाडणारी नवी टोपी, मोजलेली दारू आणि वर गोळी बसवून माझी माणसं काडतुसं घरीच करतात. दुकानातलं काडतूस या घराला चालत नाही.

अक्रोडाच्या लाकडाचा माझा दस्ता आणि निळसर पोलादाची नळी बघून हार्लनने मला दुकानातून कोरी करकरीत आणली. माणूस भारी खडूस! नवी गोळी आणली की दारू आधी कमी घ्यायची, मग चिमटीचिमटीने वाढवायची, हा त्याचा नेम. प्रत्येक बार उडाल्यावर माझा बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, तो दोनच बोटांनी उचलायचा. तिसरं बोट लावावं लागलं, की दारूचा जोर जास्त झाला असं समजून उरलेली सगळी काडतुसं घरी आणून उकलून टाकायचा.

"बंदुकीला तोंड नसतं, पोरी," तो नातीला, ब्रिनला, सांगायचा. "ती अडते. तिसरं बोट लागलं की चला घरी."

काय दिवस होते ते! दर हिवाळ्याला घरात एल्कचं, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाचं, मांस यायचं आणि हार्लन मला तेलाच्या फडक्याने पुसत स्वतःशीच गुणगुणायचा. मग हार्लन गेला आणि मी त्याच्या मुलाकडे, ऑरिनकडे आले. ऑरिन मनाने चांगला, पण घाईचा.

त्या शरदात ब्रिनला एल्कच्या शिकारीचा पहिला परवाना मिळाला. मोसम तोंडावर आला होता. तेवढ्यात ऑरिनचा मेहुणा वेंडल नव्या गोळ्यांची पेटी घेऊन आला. लांबलचक, सुईसारख्या टोकदार गोळ्या.

"दरीच्या पलीकडचा एल्क टिपशील, दाजी," तो म्हणाला. "जवळ जायची गरजच नाही."

गोळी लांब, म्हणून ती पुंगळीत खोल बसली आणि दारूला जागा कमी उरली. अशा वेळी दारू कमी करायची असते. ऑरिनने मात्र जुन्या गोळीचंच माप घेतलं. मेजाशेजारी उभी राहून मी सगळं बघत होते. माझ्या नळीत तेव्हाच गारठा भरला.

दुसऱ्या दिवशी आम्ही खडीच्या जुन्या खाणीत गेलो. पहिला बार उडाला आणि खाणीच्या दुसऱ्या टोकाची निशाणाची लोखंडी पाटी खणखणली. मग कागदावर तीन छिद्रं एकमेकांना चिकटून पडली. वेंडल नाचायचाच बाकी राहिला. पण मित्रांनो, माझ्या घशात पुंगळी फुगून बसत होती. मी अडले. होतं नव्हतं तेवढं बळ लावून अडले. ऑरिनने अख्खा हात लावला.

"डॅड, तिसरं बोट लागलं," ब्रिन म्हणाली. "आजोबा म्हणायचे..."

"आजोबांच्या वेळी अशा गोळ्या होत्या का? छिद्रं बघ की जरा!"

"म्हातारी आखडलीय थंडीने," वेंडल हसला आणि त्याने तळहाताने ठोकून माझा बोल्ट उघडला. मला इतका राग आला, की सांगता सोय नाही.

मग ते जेवायला बसले. काडतुसांची पेटी पिकपच्या पुढच्या काचेखाली उन्हात राहिली. दारू तापली की तिचा जोर वाढतो, हे हार्लन कधी विसरला नसता. जेवण झाल्यावर ऑरिन म्हणाला, "ये ब्रिन, आता तुझी पाळी."

ती माझ्यामागे बसली. तापलेलं काडतूस आत सरकलं. तिचा ऊबदार गाल माझ्या दस्त्यावर टेकला. ओरडता आलं असतं, तर मी तेव्हा ओरडले असते.

इतक्यात वारा सुटला. धूळ उडाली.

"ऊठ, बाळा. या वाऱ्यात तुला नाही जमायचं. हा एक मी मारतो," ऑरिन म्हणाला. चष्म्यावर धूळ बसली, म्हणून त्याने तो कपाळावर सरकवला आणि चाप ओढला.

टोपी फुटली. जाळ पुढे जायचा, तो माझ्या बोल्टमधून मागे आला. ऑरिन चेहरा धरून खडीत कोसळला. ब्रिनची ती किंकाळी मला अजून ऐकू येते.

ऑरिनचा उजवा डोळा गेला. माझा बोल्ट मिटला तो मिटलाच. ती पुंगळी अजून माझ्या घशात आहे. बंदुका दुरुस्त करणारा म्हणाला, "ठोकून काढून देतो." ऑरिनने नको म्हटलं आणि मला या मेजाच्या वर भिंतीवर टांगलं. आता तो दारू दोनदा मोजतो, नवी गोळी असली की कमी मापापासून सुरुवात करतो आणि मेहुण्याची घाई चालू देत नाही. ब्रिन शिकारीला निघताना माझ्या बोल्टवर दोन बोटं ठेवते. तो हलत नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. वस्तूंना जीभ नसते. आम्ही कुरकुरतो, तापतो, अडतो. तेच आमचं बोलणं. आम्ही अडलो की ठोकू नका, थांबा. दर वेळी वारा सुटेलच, असं नाही.